वाकडी मी, दगा कुणाचा?

मी धमनी बोलतेय. घुग्घुसला मोटारसायकली दुरुस्त करणारे फारूक मिस्त्री आहेत ना, त्यांच्या हृदयाला रक्त पोचवणारी डावी धमनी. ते जन्मले त्याच्याही आधीपासून मी कामावर आहे. सुट्टी कशी असते, मला ठाऊक नाही.

माझी ठेवण जरा वाकडी. पुढे माझे दोन फाटे होतात, तेही इतरांपेक्षा जास्त पसरलेले. त्यामुळे फाट्याच्या बाहेरच्या कडेला रक्त रेंगाळतं, आणि संथ पाण्यात गाळ बसावा तशी तिथे चरबी बसते. हा काही माझा गुन्हा नव्हे. सांभाळणारा धनी मिळाला तर माझ्यासारखीही म्हातारपणापर्यंत साथ देते.

पण मिस्त्रींना खर्र्याचा नाद. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला बार गालात गेला, की मी आकसून जायची. त्यांची बायको कनीज रोज खिसे झाडायची आणि सापडतील त्या पुड्या चुलीत टाकायची. तिच्या जिवावर मी तगले.

मग एकदा छातीत कळ आली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर मला दाखवलं. म्हणाले, "ही ठेवण जन्माची आहे. म्हणूनच तुम्हाला इतरांपेक्षा जास्त जपावं लागेल. खर्रा आजपासून बंद."

मिस्त्री लगेच म्हणाले, "समजलं साहेब. पेट्रोलची नळी वाकडी असली, तं कचरा तिथीच बसते. तिले जास्त सांभाळा लागते."

केवढी हरखले मी! म्हटलं, चला, देव पावला.

घरी कनीजनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"जन्माचीच नस वाकडी हाये. आपल्या हातात काई नाई."

अर्धंच सांगितलं! उरलेलं अर्धं खर्र्यासाठी गिळून टाकलं, तेही माझं नाव पुढे करून. कनीज पदरात तोंड घालून रडली. दुसऱ्या दिवसापासून तिनं खिसे झाडणं सोडलं. पुढे तर ठेल्यावरून स्वतःच खर्रा आणून द्यायला लागली.

"खाऊन घ्या, रूहीचे अब्बा. मन मारून काय करता आता?"

आणि हा गृहस्थ मान खाली घालून खायचा. माझा असा संताप व्हायचा! पण मला तोंड कुठे आहे?

गेल्या आठवड्यात गाडीला किक मारता मारता ते कोसळले. फाट्यापाशी मी जवळजवळ बुजले होते. डॉक्टरांनी आत तारेची जाळी बसवून मला उघडलं. बाहेर येऊन ते कनीजला रागावले, "बाई, खर्रा बंद करा म्हणून मी यांना तेव्हाच बजावलं होतं."

कनीज हे पहिल्यांदाच ऐकत होती. मग म्हणाली, "म्याच आणून देत होती, साहेब. माह्या हातानं."

मिस्त्री मात्र भेटायला येणाऱ्यांना अजून सांगतात, "नसेनंच दगा देला भाऊ!" आज कनीजनं ते ऐकलं. डबा उघडून खाटेवर ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. त्यांनी दोनदा हाक मारली, ती उठली नाही.

वाचकहो, तुमच्याही आत माझी एखादी वाकडी बहीण असेल. तिला सरळ करता येणार नाही, जपता येईल. पण आपली लबाडी तिच्या माथी मारू नका. मिस्त्री आता दाराकडे बघत पडलेत. रक्त काय, शेवटपर्यंत पोचवीन मी त्यांना. कनीजचा विश्वास कुठून आणून देऊ?