रबरी पायातलं विष

टबातलं पाणी तपकिरी व्हायला लागलं तशी गर्दी पुढे सरकली, आणि टबात पाय सोडून बसलेले जाडजूड गृहस्थ आपल्याच पायांकडे ओशाळून बघू लागले. जन्मभर मोज्यांत जपलेले पाय चारचौघांत अशी घाण ओकतील, याची त्यांना कल्पना नव्हती.

प्रदर्शन घरगुती नवलवस्तूंचं होतं आणि कित्येक आठवडे चालणार होतं. शेजारच्या गाळ्यांत खुर्चीची शिडी होत होती, छत्री उलट्या बाजूने मिटत होती, पलंगाच्या पोटातून जेवणाचं टेबल निघत होतं आणि एका कपात चमच्यावाचून साखर विरघळत होती. त्या वस्तू बोलल्याप्रमाणे काम करत होत्या, म्हणून त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. झुंबड होती ती 'पायझरा' नावाच्या टबापाशी.

"शरीराच्या सगळ्या खिडक्या तळपायाला असतात," पायझऱ्याचे जनक सांगत होते. अंगात पांढरा कोट, गालापर्यंत आलेला बारीक माइक. लोक त्यांना शोधकसाहेब म्हणत. "आणि आपण काय करतो? त्या खिडक्यांवर मोजे चढवतो. मग आतल्या विषाने जायचं कुठून? पाणी तपकिरी, म्हणजे यकृत. काळे कण, म्हणजे मूत्रपिंड. फेस, म्हणजे कफ. मी जादूगार नाही, मंडळी. जादूवर माझा काडीचाही विश्वास नाही. हे विज्ञान आहे."

हल्लीच्या बुवांना राख लागत नाही, जटाही लागत नाहीत. पांढरा कोट आणि विज्ञान हा शब्द, एवढ्यावर त्यांचं भागतं.

गर्दीच्या मागे मिस्त्री एका फळीला खिळा ठोकत होता. प्रदर्शनातले सगळे गाळे त्यानेच उभे केले होते, त्यामुळे हे भाषण सकाळपासून त्याच्या कानांवर आदळत होतं. पण 'काळे कण, म्हणजे मूत्रपिंड' हे शब्द आले की दर वेळी त्याचा हातोडा हवेतच थांबायचा.

मिस्त्रीच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. ठरलेल्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं, हातात जाड सुया टोचायच्या, आणि यंत्राने तिचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडायचं. हे डायलिसिस करून ती घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडून राही. हा आजार जाणार नाही, पण डायलिसिस नेमाने केलंत तर ही अजून कितीतरी वर्षं तुमच्याबरोबर राहील, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मिस्त्रीच्या कानांनी त्यातलं पहिलं अर्धंच घरी आणलं होतं.

म्हणून त्याला शोधकसाहेबांचं म्हणणं पटत चाललं. दवाखान्यातलं यंत्र हातातून रक्त धुतं, तर हे पायांतून का धुणार नाही? बुडणारा माणूस काडी कशाची आहे हे विचारत बसत नाही. शिवाय मिस्त्रीने टब हातात घेऊन पाहिला होता. कडा एकसारखी, झाकण अलगद बसणारं, कुठे फट नाही, सांध्यावरून बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. ज्याचा सांधा नीट बसतो तो माणूस फसवत नाही, असं त्याचा वस्ताद म्हणायचा, आणि मिस्त्रीने आजवर गिऱ्हाइकं, भागीदार आणि शेजारी याच मापाने मोजले होते. माप लाकडाचं होतं, ते त्याने माणसांना लावलं, एवढीच त्याची चूक. काम संपल्यावर शोधकसाहेबांनी मजुरीच्या बदल्यात टब पुढे केला आणि त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

घरी पहिल्याच दिवशी बायकोचे पाय कोमट पाण्यात सोडून त्याने सोबत मिळालेल्या 'संजीवन क्षारा'ची अख्खी पुडी आत ओतली, विजेची तार जोडलेली जाळीची डबी पाण्यात ठेवली आणि बटण दाबलं. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यात काळे कण तरंगू लागले. मिस्त्री गुडघे टेकून बसला आणि बोटाने तो एकेक कण तिला दाखवू लागला. तो हसत होता. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसत होतं, म्हणून तीही हसली.

टबाबरोबर आलेल्या पत्रकावर छापलं होतं, शरीर शुद्ध होत जाईल तसतसा क्षार कमी करत जा. मिस्त्री ते काटेकोर पाळत होता. आणि खरोखरच, जसजसे दिवस गेले तसतसं पाणी फिकट होत गेलं. तो कामावरून धावत घरी यायचा. एकदा आला तर टबात गढूळ पाणी तयार, आणि बायकोचे पाय मात्र पांघरुणात, कोरडे. आज लवकर आटोपलं म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्याने पाणी मोरीत ओतलं आणि विसरूनही गेला.

पुढे शोधकसाहेबांनी सांगितलं, की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एका शरीराला दोन यंत्रं सोसत नाहीत. आता कोणतं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मिस्त्रीने बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. सुयांना ती कंटाळली होती हे त्याला माहीत होतं. दवाखान्यात जाणं बंद झालं.

मग तिचे पाय सुजले. मग चेहरा सुजला, अन्न पोटात ठरेना. मिस्त्री घाबरून प्रदर्शनात गेला, तर शोधकसाहेब प्रसन्न झाले. "विष घर सोडताना दार आपटून जातं, मिस्त्री. घाबरू नका." म्हणजे बरं वाटलं तर यंत्राचा गुण, आणि वाईट वाटलं तर विषाची जाण्याची घाई. दोन्हीकडून साहेब खरेच. माणूस दगावलं असतं तरी त्यांच्यापाशी एखादं वाक्य तयार असतंच.

ती आडवी पडली की गुदमरायची, म्हणून भिंतीला उश्या लावून बसून राही. मिस्त्रीने कामाला सुट्टी दिली आणि टब सकाळ-संध्याकाळ चालवायला घेतला. त्याला आतून भीती वाटत होती, इतकी की ती तो स्वतःशीही बोलत नव्हता. त्याच्यासमोर दोन गोष्टी होत्या, बायकोचा सुजलेला चेहरा आणि टबातलं नितळ होत चाललेलं पाणी. तो पाण्याकडे बघायचा.

अशा वेळी तिचा थोरला भाऊ बहिणीला भेटायला आला. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. एका अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, त्या जागी रबरी पावलाचा कृत्रिम पाय. बोलायला लागले की कुणाला ऐकायचे नाहीत, पण बहिणीचा श्वास ऐकला आणि उंबऱ्यातूनच एकच प्रश्न विचारला.

"शेवटचं डायलिसिस कधी झालं, जावईबापू?"

मिस्त्रीने त्यांना टब दाखवला, पाण्याचे रंग सांगितले, पत्रक वाचून दाखवलं. मास्तरांनी ते ऐकत ऐकतच दवाखान्याची गाडी बोलावली. तेव्हा मिस्त्री दारात जाऊन उभा राहिला. ज्याने बायकोच्या माणसांसमोर कधी आवाज चढवला नव्हता, त्याने चौकटीला दोन्ही हात लावले.

"ती कुठेही जाणार नाही. पाणी बघा ना, दादा. थोडंच राहिलंय. आता नेलं तर सगळं वाया जाईल."

मास्तरांनी वाद घातला नाही. खुर्ची ओढली, डाव्या पायाचा बूट काढला, विजार वर केली. "बरं. गाडी येईपर्यंत माझा पाय धुऊन दे. मग मी काही बोलणार नाही. पहिल्या दिवशी पुडी अख्खी टाकतात ना? मग अख्खी टाक."

मिस्त्रीने ताजं पाणी भरलं, पुडी ओतली, बटण दाबलं. पाणी पिवळं झालं. तपकिरी झालं. काळे कण आले, कडेला फेसही आला. पाण्यात एकच पाय होता आणि तो डावा होता. मिस्त्री बघत राहिला. बायको मात्र टबाकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"दादा, हा पाय तर..."

"कारखान्यातला आहे. याला यकृत नाही, मूत्रपिंड नाही, कफ नाही. याला साध्या मुंग्यासुद्धा येत नाहीत. तरी विष बघ किती निघालं." मास्तरांनी पाय बाहेर काढला. "आता पाणी बदल आणि कुणाचाच पाय न घालता चालव."

मिस्त्रीने चालवलं. पाय नसलेल्या टबातलं पाणी पुन्हा तपकिरी झालं.

"त्या डबीत लोखंडाच्या पट्ट्या आहेत," मास्तर म्हणाले, आता हळू आवाजात. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंजतं. हा सगळा गंज आहे. तुझा तो क्षार म्हणजे मीठ. मीठ कमी केलं की वीज कमी वाहते, गंज कमी धरतो, पाणी नितळ दिसतं. ती बरी होत नव्हती, बापू. तू मीठ कमी करत होतास."

मिस्त्रीचे हात चौकटीला परत गेले नाहीत. गाडी आली तेव्हा त्याने बायकोला स्वतः उचलून खाली नेलं.

डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. रक्तात साठलेल्या क्षारांनी तिचं हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं, अजूनही थांबू शकतं, एवढंच त्या म्हणाल्या. खरं विष ते होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला रंग नाही, आणि ते पायांतून जात नाही. मिस्त्री बंद दाराबाहेर बाकावर बसून राहिला. आपल्याला अक्कल नव्हती की आपल्याला ती वापरायचीच नव्हती, हे त्याला ठरवता येईना.

ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितल्यावरच तो मास्तरांचा वापरातून गेलेला जुना रबरी पाय काखेत मारून प्रदर्शनात गेला. शोधकसाहेबांनी "कुणाला अनुभव घ्यायचाय?" असं विचारताच त्याने तो पाय सगळ्यांदेखत टबात उभा केला. पाणी नेहमीप्रमाणे तपकिरी झालं. साहेब गडबडले, पण क्षणभरच. रबरातही रसायनांचं विष असतं, म्हणाले. मग मिस्त्रीने पाय काढला, पाणी बदललं आणि टब रिकामा चालवला. आता साहेबांना पाण्यालाच आजारी ठरवायची वेळ आली. ते वाक्य जुळवत होते तोवर मिस्त्रीने पेचकसाने डबी उघडून आतल्या खाल्लेल्या, गंजक्या पट्ट्या लोकांच्या हातात दिल्या. बाहेर बोटाला न लागणारा सांधा, आणि आत भंगार. असली कपाटं त्याने शेकड्यांनी पाहिली होती, आणि तरीही.

सगळ्यांना पटलं असं नाही. एक आजी म्हणाल्या, पण माझ्या गुडघ्यांना आराम पडतो. कोमट पाण्याने पडतोच आजी, मिस्त्री म्हणाला, घरातली बादली घ्या. पायझऱ्याला रोज येणारे ते जाडजूड गृहस्थ मात्र मान ताठ करून निघून गेले. त्यांचे पाय निर्दोष सुटले होते. शोधकसाहेबांनी त्या दिवशी गाळा लवकर आवरला आणि ते पुन्हा दिसले नाहीत. दुसरीकडे कुठेतरी दिसत असतील.

पुढच्या डायलिसिसला मिस्त्री बायकोच्या शेजारी बसला होता. तिच्या हातातून लाल नळ्या यंत्राकडे जात होत्या. तिला हसवावं म्हणून त्याने साहेबांची फजिती रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "फक्त एकदा पाय न घालता चालवून बघायचं होतं. इतक्या माणसांत एकालाही सुचू नये?"

"मला सुचलं होतं," ती म्हणाली.

त्याला त्या संध्याकाळचे कोरडे पाय आठवले.

"तुम्ही यायच्या आधी नुसतंच चालवून बघितलं. मग कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी हसायला लागला होतात."

तो उठून खिडकीपाशी गेला आणि तिथे तोंड फिरवून रडला. मग परत येऊन तिच्या मोकळ्या हाताशी बसला, आणि यापुढे माझं हसू बघून काही लपवायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

तो टब आता त्याच्या कारखान्यात रंध्याशेजारी असतो. कुणी चुंबकाचा पट्टा, कुणी कंपनांची उशी, कुणी दिव्याने सगळे रोग घालवणारा आरसा घेऊन कौतुक सांगू लागलं, की मिस्त्री टबात पाणी भरतो, मूठभर मीठ टाकतो आणि पाय न घालता बटण दाबतो. पाणी तपकिरी होईपर्यंत काही बोलत नाही. मग सांगतो, वस्तू कितीही सुबक असो, आधी तिच्याशिवाय आपलं काय होतं आणि आपल्याशिवाय तिचं काय होतं ते तपासा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि खोटं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच घरात, मोठ्याने बोला. समोरच्याचं हसू मोडेल म्हणून गप्प बसू नका. हसू पुन्हा येतं.