निवडून पाठवलेले शंख

दुर्गेनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तो सोलापुरात आला तो पत्र्याच्या डब्यातून, स्पिरिटचा वास घेऊन, आणि सासूबाईंनी त्याला मागच्या पडवीच्या आत येऊ दिलं नाही.

तिचा नवरा चिंतामणी हायस्कुलात सायन्स शिकवी. त्यानं रत्नागिरीच्या शरच्चंद्र नावाच्या मित्राकडून खाडीच्या चिखलातल्या गोगलगायी मागवल्या होत्या आणि दिवाळीच्या सुट्टीपुरता शाळेचा मायक्रोस्कोप घरी आणला होता. पडवीत पाट मांडून तो एकेक शंख फोडी, आतलं मांस सुईनं सोडवी आणि काचेवर पसरून भिंगाखाली बघत बसे. त्याला शोधायची होती अंडी. ती कोणत्या महिन्यात पोटात तयार असतात, यावर त्याला मुंबईच्या एका मासिकात लेख द्यायचा होता. चित्रं दुर्गा काढी. रांगोळीनं तिचा हात असा बसला होता, की भिंगातून एकदा पाहिलेलं कागदावर हुबेहूब उतरे. मात्र चित्र झालं की अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा सासूबाईंचा, म्हणजे रुक्मिणीबाईंचा, कायदा होता. दुर्गा दिवसातून तीनदा अंघोळ करी आणि चौथ्यांदा पडवीत येई.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. चिंतामणीला दुसरेपणाची म्हणून करकंबची एक मुलगी सांगून आली होती. दिवाळी सरली की तिला बघायला जायचं, असं रुक्मिणीबाईंनी ठरवून टाकलं होतं. चिंतामणी हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. वर्गात तास तास बोलणाऱ्या मास्तरांची या एका विषयात जीभ उचलत नसे. दुर्गेला त्याचा राग यायचा आणि रागापेक्षा रडू जास्त यायचं.

चाळीस शंख फोडून झाले. एकातही अंडी नव्हती. चिंतामणीनं वहीत लिहून टाकलं, की या महिन्यात या गोगलगायींना अंडी नसतात. दुर्गेच्या मनाला मात्र ते पटेना. अंड्यांच्या जागी तिला काचेमागून काचेत बारीक पिशव्या दिसत होत्या आणि पिशव्यांत शेपटीवाले काहीतरी.

"हे मी काय काढलंय?" तिनं विचारलं.

"आतडं असेल. स्पिरिटनं आकसलंय."

"आतड्याला शेपट्या असतात?"

चिंतामणी म्हणाला, "तू आपली दिसतं तसं काढ."

डब्याच्या तळाशी वीसेक बारके शंख होते. मोठे वाटेत आपटून फुटू नयेत म्हणून शरच्चंद्रानं ते मधल्या जागेत कोंबले होते. चिंतामणीनं ते टाकून द्यायला बाजूला काढले होते, पण दुर्गेला टाकवेनात. रुक्मिणीबाई सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या, तशी तिनं त्यातला एक स्वतःच फोडला आणि भिंगाला डोळा लावला. खसखशीसारखे पिवळे गोल दाणे, एकाला एक लागून. दुसऱ्यातही तेच.

तिनं नवऱ्याला हाक मारली आणि विचारलं, "रत्नागिरीच्या भावजींना पत्रात काय लिहिणं झालं होतं?"

"चांगल्या, मोठ्या, टपोऱ्या निवडून पाठव म्हणून. बाजारातून आपण काय किडकी वांगी आणतो?"

"मग यातूनही बघावं."

चिंतामणीनं पाहिलं. मग एकेक करत सगळे बारके शंख फोडले. बऱ्याच शंखांत अंडी निघाली, शेपटीवाल्या पिशव्या एकातही नव्हत्या. मग कॉलेजातलं जाडजूड पुस्तक काढून पानं उलटली आणि एकदम हसायलाच लागला.

"अगं, तू काढलेस ते किडे आहेत! अंड्यांच्या जागी घर करतात आणि तिथलं सगळं खाऊन टाकतात. गोगलगाय मरत नाही, पण तिला पिलं होत नाहीत. मी सगळ्या मोठ्या मागवल्या आणि सगळ्या नेमक्या किडलेल्या आल्या."

"किडलेल्या असून इतक्या मोठ्या कशा?"

"नक्की सांगता येणार नाही. पिलांवर जायचं ते अंगाला लागत असेल."

"वरून ओळखू येत नाही?"

"मुळीच नाही. उलट वरून याच धडधाकट."

"मादीलाच होतं हे?"

"छे, नरालाही. त्याचंही बीज खाऊन टाकतात."

"मग दोष कुणात आहे, हे कळायचं कसं?"

"दोघांनाही भिंगाखाली..." म्हणाला आणि चिंतामणी थांबला.

दुर्गेनं आपल्या घरातलं मनात धरून विचारलं होतं की नुसतं गोगलगायींबद्दल, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण आता शब्द निघालाच होता. तिनं हातातली पेन्सिल पाटावर ठेवली.

"मला दोनदा तपासलंय. डॉक्टरीणबाईंनी काही दोष नाही म्हणून सांगितलं. सोळा सोमवार झाले, वैद्यांचे काढे झाले. इकडची तपासणी एकदाही झाली नाही."

चिंतामणीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो पुन्हा भिंगाशी वाकला. काचेवर काही नवीन दिसत होतं असं नाही.

तेवढ्यात रुक्मिणीबाई अंगारा घेऊन परत आल्या.

"करकंबला कार्ड टाकलंस का रे?"

"नाही," चिंतामणी म्हणाला. "आधी मला डॉक्टरांकडे जाऊन यायचंय. स्वतःला तपासून घ्यायचंय."

"तुला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट आहेस."

"तेच तर बघायचंय, आई."

रुक्मिणीबाई अंगाऱ्याची पुडी हातात धरून उभ्या राहिल्या. दुर्गा अंघोळीचं विसरून तशीच घरात शिरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी तिला कुणी हटकलं नाही.