समुद्राच्या परिषदेतलं आभारप्रदर्शन

आहेर साहेबांनी लक्षद्वीपला नारळ पाठवला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही परिषद वेळेत संपणार नाही.

परिषद ऑनलाइन होती. विषय, किनारपट्टी आणि बेटांवरचं पाणलोट व्यवस्थापन. आणि भरवणारी संस्था नाशिकची! जिथल्या माणसाला समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो. पाहुणे अंदमानातून, लक्षद्वीपमधून, दमणहून आणि कोकणातून आपापल्या घरी बसून बोलणार होते. आम्ही चौघं-पाचजण गंगापूर रोडच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर. पत्रिका गेल्यापासून जो तो फोन करून एकच विचारत होता, "नाशिकला समुद्र कधी आला?" मी सगळ्यांना सांगत होते, माझा पेपर ऐका म्हणजे कळेल.

कारण त्याचं उत्तर माझ्याच पेपरात होतं. मी सुरगाण्याकडची, करंजपाड्याची. नाशिकची गोदावरी पूर्वेला जाते हे शाळेतलं पोर सांगेल. पण आमच्या पाड्यावरचा ओहोळ पश्चिमेला पार नदीत पडतो, पार गुजरातेत उतरते आणि थेट अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या डोंगरावरची माती वाहून गेली की ती किनाऱ्यावरच्या खाडीत जाऊन बसते. पाड्यातल्या लोकांनी उतारावर दगडी बांध घातले, मातीला अडवलं, त्याची ही हकीकत. समुद्राचं काम डोंगरावरून सुरू होतं, एवढंच मला सांगायचं होतं. पेपर शेवटच्या सत्रात होता. तो ऐकायला अख्खा पाडा समाजमंदिरात जमला होता, एका मोबाइलवर. बांधाचे दगड उचलून ज्यांचे हात सोलले त्यांना आपलं नाव मोठ्या लोकांसमोर घेतलेलं ऐकायचं होतं. मी तसा शब्दच दिला होता.

आता साहेबांबद्दल. वाल्मीक आहेर, आमचे संचालक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. देवळ्याकडचा माणूस, मनाने दिलदार, ऑफिसात कोणाचं पोर आजारी पडलं तर स्वतः डबा घेऊन जाणारा. पण कार्यक्रम म्हटला की अंगात येतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, सत्कार, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, आभार. यातलं एक जरी गळलं तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नाही.

"अहो साहेब, ऑनलाइन सत्कार कसा करणार?" मी विचारलं होतं.

"ऑनलाइन आहे म्हणून पाहुण्याचा मान कमी होतो का गं?" ते म्हणाले, आणि प्रत्येक पाहुण्याला कुरियरने शाल, नारळ आणि पिंपळगावच्या बेदाण्यांचा पुडा रवाना झाला.

तर परिषदेच्या दिवशी समई आमच्याकडे पेटली आणि टाळ्या अंदमानात वाजल्या. मग सत्कार. साहेब इथून नाव पुकारायचे आणि पाहुण्याने तिथे आपली शाल आपणच पांघरायची. दमणच्या डॉक्टरांना त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून येऊन शाल घातली, जाताना गॅस बघायलाही सांगितलं. रत्नागिरीच्या सरांचं कुरियर पोचलंच नव्हतं, त्यांनी सरळ टॉवेल घेतला खांद्यावर. लक्षद्वीपचे डॉ. कोया आमचा नारळ हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप उचलून खिडकीबाहेर फिरवला. बाहेर नुसती माडांची रांग. सगळे पोट धरून हसले, साहेब सगळ्यात जास्त.

मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. पण एक डोळा घड्याळावर होता. परिचयांनी सकाळ खाल्ली, मनोगतांनी दुपार. अंदमानच्या मॅडमचं खारफुटीवरचं भाषण चांगलं होतं, पण त्यानंतर साहेबांनी त्या भाषणाचं कौतुक करायला जवळपास तेवढाच वेळ घेतला. माझ्या जिवाची नुसती घालमेल. शेवटच्या सत्रात माझ्या आधीचे दोघं बोलून झाले आणि साहेब अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले. उभे, लॅपटॉपसमोर! कॅमेऱ्यात फक्त त्यांचं पोट दिसत होतं. गंगापूर धरणापासून सुरुवात झाली तेव्हा मी डोक्याला हात लावला.

भाषण संपल्यावर ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "निकिता, वेळ उलटून गेली गं. पाहुणे कंटाळलेत. तुझा पेपर आपण अहवालात छापू की, पहिल्या पानावर."

"साहेब, पाड्यातले लोक सकाळपासून बसलेत."

"मला काय कळत नाही का? पण काय करू?" त्यांचा चेहरा खरंच पडला. "आणि आता आणखी एक भानगड. आभार आपल्या सविता मॅडम घरून मानणार होत्या, त्यांच्याकडची लाइट गेलीय. तू मान पटकन. कार्यक्रम आभाराशिवाय संपवता येत नाही."

मला असा संताप आला की लॅपटॉप बंद करून घरी निघून जावं. स्क्रीनच्या एका चौकटीत समाजमंदिर दिसत होतं. कुसाबाई पुढे बसली होती, पदर डोक्यावर, नवी साडी. कोंडाजीकाकांनी टोपी धुऊन घातली होती. मागे नवनाथ आणि त्याचे जोडीदार, द्राक्षाच्या छाटणीचा खाडा करून थांबलेले. त्यांना कळलंच नव्हतं की माझी बोलायची पाळी हुकली. त्यांच्याकडे बघता बघता डोक्यात लख्ख उजेड पडला.

आभाराचं एक असतं. भाषण मध्येच तोडता येतं, पेपर गाळता येतो, आभाराला कोणी हात लावत नाही. कारण प्रत्येकजण आपलं नाव यायची वाट बघत असतो.

मी माइक सुरू केला. पाहुण्यांना आणि पाड्याला, दोघांनाही कळावं म्हणून हिंदीत बोलले.

"सर्वप्रथम मी आभार मानते करंजपाड्याच्या उताराचे, ज्याच्यावरचं पाणी पार नदीतून अरबी समुद्राला जातं. त्याच्यामुळे ही परिषद नाशिकला भरवायचा आम्हाला हक्क मिळाला." दमणच्या डॉक्टरांनी मान वर केली. "कोंडाजी भोये यांचे आभार. त्यांनी आपल्या नागलीच्या शेतातून बांध जाऊ दिला. तो बांध तिथून गेला नसता तर खालचे सगळे बांध वाहून गेले असते. नवनाथ गावित आणि त्यांच्या जोडीदारांचे आभार. त्यांनी एका रेषेत, एकाच पातळीवर दगड रचले, कारण दगड पातळी सोडून रचला की पाणी त्याच्या बाजूने वाट काढतं. कुसाबाई गावित यांचे आभार. त्या पावसाळ्यात रोज ओहोळावर जाऊन काचेच्या बाटल्यांत पाणी भरून ठेवत होत्या. त्या बाटल्यांच्या तळाशी बसलेली माती आम्ही मोजली, म्हणून आज सांगू शकते की खाडीकडे जाणारा गाळ निम्म्यावर आला."

समाजमंदिरात गलका झाला. कुसाबाईने तोंडावर पदर धरला आणि शेजारणीच्या पाठीत जोरात धपाटा घातला.

साहेबांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे बघून गोड हसले आणि पुढे गेले. पातळी मोजायच्या पारदर्शक नळीचे आभार मानले, करवंदीच्या जाळ्यांचे मानले, ज्यांनी बांधाचे दगड धरून ठेवले. दरवेळी साहेब थांबवायला हात उचलायचे आणि परत खाली घ्यायचे. त्यांचं नाव अजून यायचं होतं ना! पाहुण्यांचंही तेच. शालीतले आणि टॉवेलातले सगळे शिस्तीत बसून होते. माझा पेपर आकड्यांसकट, निष्कर्षासकट बोलून झाला, तेव्हा मी पाहुण्यांची नावं घेतली आणि सगळ्यात शेवटी म्हटलं, "आणि आमचे आहेर साहेब, ज्यांनी मला बोलायला वेळ दिला."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग खो खो हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पोरीनं मामा केला माझा!" असं म्हणत त्यांनी स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

तेवढ्यात डॉ. कोयांनी हात वर केला. प्रश्न होता. आभारानंतर प्रश्न घेण्याची पद्धत नाही, साहेबांच्या राज्यात तर नाहीच. पण साहेब म्हणाले, "विचारा, आज सगळंच उलटं चाललंय."

"तुमच्या लोकांनी समुद्र पाहिलेला नसेल," डॉ. कोया म्हणाले. "तरी हे काम सुरू कोणी केलं? पहिला दगड कोणी ठेवला?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पहिला दगड माझ्या बाबांनी ठेवला होता. लोक हसत होते तेव्हा एकटे ठेवत होते. आणि मी त्यांचं नावच घेतलं नव्हतं. स्क्रीनवर जो जो दिसत होता त्याचं नाव मी घेत गेले, आणि फोन तर बाबांच्याच हातात होता. सकाळपासून हात वर करून, सगळ्यांना दिसावं म्हणून.

"माझ्या बाबांनी," मी कसंबसं म्हटलं.

समाजमंदिरात एकदम ओरडा झाला. "पुंजादादाचं नावच राहिलं की! धर रे तो फोन!" कोणीतरी फोन हिसकावून उलटा फिरवला आणि बाबा दिसले. अवघडलेले, दुखरा हात चोळत, हसत.

"राहू दे गं," ते म्हणाले. "लय चांगलं बोललीस. घरच्या माणसाचे आभार मानत नसत्यात."

मला रडू आवरेना आणि माइक सुरूच होता. मी तो बंद केला नाही. अंदमान, दमण, लक्षद्वीप सगळे ऐकत असताना मी उभी राहिले आणि पुंजा सोमा भोये यांचे आभार मानले, पूर्ण नाव घेऊन.