दहावा हंगाम

सातवा बॉल भैरूच्या उजव्या गुडघ्याला घासून मागे गेला, तेव्हा इस्माईल तांबोळीने तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली. बॉल सरळ होता, फार जोरातही नव्हता. दोन-तीन वर्षांपूर्वी असला बॉल भैरूने न बघता पायाखाली गप्प बसवला असता.

भैरू खाली वाकला. पायाला गुंडाळलेली पट्टी त्याने उगीचच आवळली आणि म्हणाला, "माळ खडबडीत हाय. बॉल उडतोय."

माळ खडबडीत होता हे खरं. पण त्याच माळावर बाकीचे सातजण बॉल थांबवत होते.

अठ्ठावन्न सालचा एप्रिल संपत आला होता. पौडजवळ मुळेच्या काठच्या त्या माळावर दरवर्षी या दिवसांत शिवगंगा मिलच्या फॉरवर्डांची पारख व्हायची. मिलचा फुटबॉलचा संघ पगारी होता. खेळाडू मिलमध्ये हंगामी कामगार म्हणून लागत, सकाळी गोदामात गठ्ठे उचलत आणि दुपारनंतर खेळत. दहा हंगाम जो खेळला, त्याला मिल कायम करून घेई. मे महिन्यात मुळशीच्या धरणाच्या काठावर तीन आठवड्यांचं शिबिर भरायचं, आणि शिबिरात जो गेला तोच पावसाळी सामन्यांत खेळायचा. या वर्षी फॉरवर्ड आठ होते, जागा सहा. कोण जाणार ते इस्माईलने कागदावर लिहून द्यायचं, आणि मिलच्या क्रीडा मंडळाच्या चिटणिसांनी त्याखाली सही करायची, असा रिवाज पडून गेला होता.

इस्माईलचं पौडला पानाचं दुकान होतं, आणि हंगामाच्या दिवसांत तो मिलच्या संघाला शिकवायचं काम करी. तरुणपणी तो खडकीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांबरोबर अनवाणी खेळला होता, आणि खेळाची नजर त्याला तिथे आली. तो गोलांकडे फारसं लक्ष देत नसे. गोल कोण मारतो ते तिकीट काढून आलेल्या माणसालाही दिसतं, असं तो म्हणे. बॉल आपल्याकडे येत असताना माणूस काय करतो, ते तो बघायचा. पाय कधी सैल सोडतो, अंग कुठे वळवतो, आणि बॉल पोचायच्या आधी नजर कुठे टाकून येतो. भैरूला त्याने असाच हेरला होता. जवळच्या रिहे गावच्या खाचरात, भाताच्या धसकटांत पोरांबरोबर चिंध्यांचा चेंडू खेळणारा सडपातळ गडी. त्याला मिलमध्ये त्यानेच नेला, डाव्या बगलेला उभा केला. नऊ हंगाम झाले होते. हा दहावा.

इस्माईलने आणखी तीन बॉल मारले. दोन भैरूने घेतले, एक सुटला. आता इस्माईलच्या ध्यानात एक गोष्ट आली. बॉलला लाथ बसल्याचा आवाज झाला की भैरू मान पूर्ण उजवीकडे फिरवत होता. नुसती नजर नाही, सगळी मानच. म्हणजे तो बॉल बघून वळत नव्हता, ऐकून वळत होता.

 इस्माईलने इतरांना पाणी प्यायला नदीवर पाठवलं. भैरूला म्हणाला, तू थांब, तिकडे डोंगराकडे तोंड करून उभा राहा. मग तो भैरूच्या उजव्या अंगाला दहा-बारा पावलांवर गेला आणि बॉल पायाने न मारता हाताने, अलगद, वरून टाकला.

बॉल भैरूच्या खांद्यावर आदळला. तो दचकून बाजूला झाला. मग बॉल उचलून तो इस्माईलकडे आला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं सगळं अवसान उतरलं होतं.

"किती दिसतंय?" इस्माईलने विचारलं.

"त्या डोळ्यानं कायबी न्हाई."

"कवापासनं?"

भैरू बॉल हातात फिरवत राहिला. उत्तराची गरजही नव्हती. कधीपासून ते इस्माईलला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात मिलवाल्यांच्या ढालीचा अंतिम सामना होता. एक एक अशी बरोबरी. शेवटची दहा-बारा मिनिटं उरलेली असताना समोरच्या बॅकचा बूट भैरूच्या उजव्या कानशिलावर बसला आणि तो आडवा झाला. त्याच्या जागी दुसरा गडी घालण्याची सोय त्या काळी नव्हती. भैरू बाहेर बसला तर दहाजणांनी खेळायचं. इस्माईलने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, डोळ्यासमोर दोन बोटं धरली आणि दिसतंय का विचारलं. भैरू म्हणाला, धूर दिसतोय, नुसता धूर. इस्माईलने ते ऐकलं. नीट ऐकलं. आणि त्याला उठवून त्याच्या पाठीवर थाप मारून आत पाठवलं. चार मिनिटांनी भैरूच्या पासवर गोल झाला. ढाल मिळाली. चिटणिसांनी इस्माईलच्या गळ्यात हार घातला. त्या धुराबद्दल इस्माईलने पुढे कुणाला काही सांगितलं नाही, भैरूलाही विचारलं नाही.

आता भैरूने आपण होऊन सांगितलं. सहा महिन्यांनी तो पुण्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला होता. आतला पडदा सुटलाय, असं डॉक्टर म्हणाले. लगेच आला असतास तर काही करून बघता आलं असतं, आता काही होणार नाही. एवढं झाल्यावर त्यांनी बजावलं होतं की डावा डोळा जप, तिथे मार बसला तर कायमचा अंधार.

"आन तरी पुढं खेळत राह्यलास," इस्माईल म्हणाला.

"एकच हंगाम राह्यलाय, इस्माईलभाई. येवढा एक. मंग मी कायम हुतो. मी लांब लांब खेळंन, अंगाव जाणार न्हाई. तुमी आजचं काय ल्हिऊ नगा."

इस्माईलने बघतो एवढंच म्हटलं. बाकीची पारख त्याने कशीबशी उरकली.

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर, हसिनावर सोपवून तो रिह्याला निघाला. भैरूशी पुन्हा एकदा बोलावं, काय बोलावं ते चालता चालता सुचेल, असा त्याचा विचार होता. पण भैरू घरी नव्हता. भाताच्या रोपाची जागा भाजतात त्या राबासाठी भावाबरोबर फांद्या तोडायला डोंगरात गेला होता. त्याची बायको रंभाबाई खाचराच्या कोपऱ्यात, भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर शेणाचा चुरा पसरत होती. इस्माईलला बघून तिने हात झटकले, पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. ती का आलात म्हणून विचारेना, तेव्हा तिला सगळं ठाऊक आहे हे इस्माईल समजला.

ती खाली बसून बोलू लागली. मागच्या महिन्यात फाट्यावर यष्टी उजवीकडून आली, ती ह्यांना दिसलीच नाही. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून वाचले. घरात वाटीत आमटी वाढून घेतात ती वाटीबाहेर पडते. आपण पुसून घेतो आणि गप्प बसतो, कारण बोललं तर खेळ जाईल आणि खेळ गेला तर मिल जाईल. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं.

"एक डोळा हाय, तो बी गेला तर मी हात धरून फिरवीन त्येनला," ती म्हणाली. "माझं काय न्हाई. पर त्येनला ते सोसायचं न्हाई. तुमी काय ल्हिणार, दादा?"

"जे हाय ते."

"मंग समदं ल्हिवा. अर्धं नगं." तिने पदराला हात पुसले. "त्या दिशी धूर दिसतोय म्हणून सांगितल्यालं, आन तुमी परत आत धाडलं, त्ये बी."

इस्माईलने तांब्या खाली ठेवला. ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण तिच्या बोलण्यात राग नव्हता. काही वेळाने ती उठून पुन्हा शेण पसरायला लागली.

परतीच्या वाटेवर भैरू भेटला, डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन. इस्माईलने त्याला तिथेच सांगितलं की मी लिहिणार आहे. भैरूने भारा खाली टाकला नाही. भाऱ्याखालून त्याने एवढंच म्हटलं, "तुमीच मला आनला, आन तुमीच माझा दहावा हंगाम खाल्ला." आणि तो चालू लागला.

त्या दुपारी इस्माईलने दुकानात बसून कागद लिहिला. सात जणांचं त्याने भराभर लिहिलं. नव्या शब्बीरबद्दल लिहिलं की पोरगा बॉल घेण्याआधी मागे बघतो, हे शिकवून येत नाही, याला न्यावा. भैरूच्या नावापुढे मात्र तो बराच वेळ अडला. शेवटी त्याने लिहिलं: भैरूचा उजवा डोळा गेलेला आहे, त्याला खेळवू नये. हा डोळा मिलसाठी खेळताना गेला. मार बसल्यावर त्याला नीट दिसत नाही हे त्याने मला सांगितलं होतं, तरी मी त्याला पुन्हा मैदानात पाठवलं. याचा दोष त्याच्याकडे नाही. मिलने त्याला कायम करावं.

हसिना शेजारी बसून ओल्या फडक्याने पानं पुसत होती. त्याने तिला कागद वाचून दाखवला. ह्यानं तुमचं काम जाईल, ती म्हणाली. जाईल, तो म्हणाला. तिने पानांची चवड उलटी केली आणि खालची पानं पुसायला घेतली.

चिटणीस सज्जन माणूस होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि इस्माईलला बसायला खुर्ची दिली. एरवी तो उभा राहूनच बोलत असे.

"पहिलं वाक्य पुरेसं आहे, तांबोळी," ते म्हणाले. "डोळा अधू आहे, खेळवू नये. पुढचं कशाला लिहिलंत? उद्या हा कागद कुणी पुढे केला तर मिलच्या अंगाशी येईल. तुमच्याही येईल."

"पुढचं काढलं, साहेब, तर डोळा गेला हा त्याचाच दोष हुतो. हंगामी माणूस, डोळ्यानं अधू, उद्यापास्नं नगं. एवढंच लोकास्नी दिसंल."

"मी त्याच्यासाठी शब्द टाकतो ना. तोंडी."

इस्माईलने टेबलावरचा कागद त्यांच्याकडेच सरकवला.  चिटणीस म्हणाले, "हा कागद मी वर पाठवला, तर तुम्हाला शिबिराला कसं पाठवू? मार बसलेल्या गड्याला आत ढकलणारा माणूस, असं तुम्ही स्वतःच सही करून दिलंय."

"व्हय साहेब. दिलंय."

चिटणिसांनी कागद ठेवून घेतला.

मे महिन्यात शिबिर भरलं ते दुसऱ्याच्या हाताखाली. पुण्याहून आलेल्या ट्रकमधून खेळाडू पौडवरून मुळशीकडे गेले, तेव्हा शब्बीरने दुकानाकडे बघून हात केला. इस्माईलनेही केला. नंतर पाऊस लागला, सामने सुरू झाले, कोण हरलं कोण जिंकलं ते एस.टी.तून येणाऱ्यांकडून कळत राहिलं. भैरूला मिलने जूनमध्ये घरी बसवलं होतं. तो रिह्यात भावाबरोबर लावणीला उतरला, असं कुणीतरी सांगितलं. बाजाराला येताना तो पौडच्या वरच्या आळीने जाई, पानाच्या दुकानावरून येत नसे. इस्माईल त्याला लांबून बघे. रस्ता ओलांडायच्या आधी भैरू थांबून सगळं अंग उजवीकडे फिरवायचा, आणि मगच पाऊल टाकायचा.

श्रावण संपता संपता मिलचं पत्र आलं. इस्माईलचा कागद कामगार अधिकाऱ्यापर्यंत पोचला होता, मिलच्या डॉक्टरने भैरूला दोनदा तपासायला बोलावलं होतं. पत्रात सामन्याचं नाव नव्हतं, डोळ्याचं नव्हतं, ढालीचं तर नव्हतंच. भैरूला कायम केल्याचं आणि कापडाच्या ताग्यांवर शिक्का मारायच्या कामावर रुजू व्हायचं एवढंच लिहिलेलं होतं. ही बातमी इस्माईलला रंभाबाईने सांगितली. ती मुद्दाम दुकानापर्यंत आली, दोन पानं घेतली, पैसे ठेवले आणि गेली.

दसऱ्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी, ऊन कलताना भैरू दुकानापुढे येऊन उभा राहिला. अंगात मिलचा निळा सदरा होता. अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई लागलेली होती, ती कित्येक दिवस निघत नाही असं तो म्हणाला. इस्माईलने त्याला फळीवर बसायला जागा करून दिली. हसिनाने पान लावून दिलं. भैरूने पान खाल्लं. मग शब्बीर चांगला खेळतोय, असं त्याने सांगितलं, पण उजव्या पायाने बॉल घेताना घाई करतो. इस्माईल म्हणाला, घाई करणारच, वय आहे. असंच इकडचं तिकडचं बोलणं झालं. गेल्या सहा महिन्यांतला एकही शब्द दोघांपैकी कुणी काढला नाही.

दिवस मावळायच्या आत भैरू उठला. जातो, म्हणाला. बाजार उठत होता, रस्त्यावर बैलगाड्यांची गर्दी झाली होती, पुण्याकडून येणारी एस.टी. त्यांतून वाट काढत कर्णा वाजवत होती. इस्माईलने चपला पायात घातल्या आणि तोही खाली उतरला. फाट्यापर्यंत येतो, म्हणाला.

भैरू नको म्हणाला नाही. इस्माईल त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या अंगाला आला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून चालू लागला. गाड्या त्या बाजूने जात होत्या. रिह्याच्या फाट्यापर्यंत दोघे तसेच गेले.