हसमुखचा जबडा

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, बाकाच्या आणि खिडकीच्या मधल्या जागेत काचेच्या पेटीत एक इग्वाना होता. गाव सोडून जाणाऱ्या एका पेशंटने 'चार दिवस सांभाळा' म्हणून तो ठेवला आणि माणूस जो गेला तो गेलाच. अंगाने लहानशा घोरपडीएवढा, राखाडी, पाठीवर काट्यांचा तुरा. खालचा जबडा असा फुगीर आणि वर वळलेला, की बघणाऱ्याला वाटावं हा आपल्याकडे बघून हसतोय. म्हणून त्याचं नाव पडलं हसमुख. भोकाड पसरून आत आलेली पोरं त्याला बघून गप्प व्हायची. झाकण काढून कुणी त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं की तो डोळे मिटून घ्यायचा. "किती गुणी आहे हो," आया म्हणायच्या. जो त्रास देत नाही तो गुणी, ही व्याख्या आपण माणसांनी आपल्या सोयीने केलेली आहे, दुसरं काय!

डॉक्टर तसे भले गृहस्थ, पण कायम तंद्रीत. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून दवाखाना गाठणारे. पेटीतला गरम दिवा कधी गेला हे त्यांना सांगता आलं नसतं. आठवेल तेव्हा ते कोबीची पानं टाकत, न आठवेल तेव्हा पोरांची बिस्किटं होतीच.

एका दुपारी पेशंट यायचा राहिला, म्हणून डॉक्टर पेटी पुसायला बसले. हसमुखला त्यांनी मांडीवर घेतलं. हाताला सवय असते, ती मालकाला विचारत नाही. त्यांचा अंगठा आपोआप हसमुखच्या हनुवटीखाली गेला, दोन बोटं गालाशी आली, आणि त्यांनी जबडा दाबून पाहिला, रोज प्रत्येक पेशंटचा पाहतात तसा. हाड दबलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. त्यांनी दुसरी बाजू दाबली. तीही गेली. हसमुखने डोळे मिटले आणि डॉक्टरांनी त्याला तसाच टॉवेलमध्ये गुंडाळून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

प्राण्यांची डॉक्टरीण वयाने त्यांच्या लेकीएवढी होती, पण बोलायला रोखठोक.

"हा हसत नाहीये," ती म्हणाली. "अंगातलं कॅल्शियम संपलंय. जबड्याचं हाड विरघळून तो सुजलाय."

"पण खिडकीतलं ऊन रोज मिळायचं त्याला."

"काचेतून. हाडांना लागतं ते ऊन काच आत येऊ देत नाही. नुसता उजेड येतो."

काहीतरी शिल्लक राहावं म्हणून डॉक्टर म्हणाले, "हात फिरवलेला मात्र आवडायचा त्याला. डोळे मिटायचा."

"पळता येत नसलं की ते डोळे मिटतात," ती म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण पुढचं तिने हळू आवाजात सांगितलं. औषध, खास दिवा, वाफेची ऊब, रोज उघड्यावरचं ऊन, आणि तोंडात पिचकारीने वाटलेल्या पाल्याचं पातळ खिमट. "जबडा वाकडाच राहील. पण हाड धरलं आणि स्वतःहून चावून खायला लागला, तर जगेल."

"आणि नाही चावला तर?"

तिने हसमुखला त्यांच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून घरातली बाथरूम हसमुखची झाली. डॉक्टरांनी बाल्कनीतल्या कुंड्या आत आणल्या, नळापासून खिडकीपर्यंत एक फांदी आडवी टाकली, वर दिवा टांगला. गरम पाणी सोडलं की आरसा, फरशा, साबणदाणी सगळं धुक्यात जायचं आणि पानं तेवढी दिसायची.

"अहो, मी आंघोळ कुठे करायची?" बायकोने विचारलं.

"इथेच कर की. तो डोळे मिटून घेतो."

बोलून गेल्यावर डॉक्टरांनाच ते झोंबलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसता टॉवेल उचलला. ती बोलायला तिखट होती, पण खिमट वाटायची तीच, आणि हसमुखला "खा रे राजा, आमचं तोंड दाखवायच्या लायकीचं ठेव" असं सांगतानाही एकदा सापडली.

दवाखान्यातून आले की डॉक्टर स्टूल टाकून त्या वाफेत बसत. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागे. मग भिंती मागे सरकत, फांदी लांबच लांब वाढत जाई, आणि नळाचं थेंब थेंब पाणी दूर कुठल्या तरी मोठ्या पानावर पडे. एकदा त्यांना दिसलं, की आपणच आपल्या खुर्चीत आडवे आहोत आणि वर एक हिरवा, शांत चेहरा वाकून आपला जबडा तपासतोय. तो चेहरा रागावलेला नव्हता. कुठे दुखतं एवढंच विचारत होता आणि डॉक्टरांना बोलता येत नव्हतं. जाग आली तेव्हा त्यांनी स्वतःचीच हनुवटी धरलेली होती.

हसमुखचा रंग पालटू लागला. आधी पोटाकडून, मग मानेवर, कोरड्या मातीत पाणी मुरावं तसा हिरवा चढत गेला. जबडाही बोटाला घट्ट लागू लागला. पण खाणं मात्र नाही. पान पुढे धरलं तर जिभेने चाटायचा आणि मान फिरवायचा. पिचकारीवर तो तगत होता, एवढंच. प्राण्यांची डॉक्टरीण म्हणाली, "हाड आपलं काम करतंय. आता त्याच्या मनात काय आहे ते बघायचं." दवाखान्यात एका बाईंनी सहज विचारलं, "तुमचा हसरा कुठे गेला हो?" तर भरलेल्या खोलीत डॉक्टर ओरडले, "तो हसत नव्हता!" मग ते आत गेले आणि हात धूत राहिले.

एका सकाळी डॉक्टर त्याला गच्चीवर घेऊन बसले होते. ऊन कोवळं होतं. शेजारी वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगत होत्या आणि पुन्हा निजत होत्या. डॉक्टरांच्या हातात जास्वंदीचं फूल होतं आणि लक्ष नेहमीप्रमाणे भलतीकडे. हसमुख पुढे सरकला, मान उचलली, आणि फुलासकट त्यांचं बोट धरलं. कचकन.

बायको कपड्यांची बादली टाकून धावली. फूल लाल, बोट लाल, काय कुठे संपतंय कळेना.

"अहो, ओढा! ओढा हात!"

"नाही." डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. "झटका बसला तर मोडेल. आत्ता कुठे हाड धरलंय."

"आणि तुमचं बोट? उद्या दात कशाने काढणार, पायाने?"

"अगं, चावतोय तो. बघ तरी. दोन्ही बाजूंनी चावतोय."

तिने पाहिलं. मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि हात हलू नये म्हणून दोन्ही हातांनी त्यांचं कोपर धरून ठेवलं. चादरी फुगत राहिल्या. डॉक्टर जन्मात एवढे स्थिर कधी बसले नसतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी वाहू दिलं.

"फार दुखतंय का हो?"

"खूप," डॉक्टर म्हणाले, आणि असे म्हणाले, की कुणाला वाटावं पोराचा पहिला नंबर आल्याचं सांगताहेत.

मग हसमुखने आपण होऊन बोट सोडलं, पाकळी तेवढी ठेवून घेतली, आणि सावकाश चावायला लागला.