टेलिफोनच्या खोलीतली नेलिदा

"पेन्शनचं मी आजच पुढे पाठवतो," डायरेक्टर एचेगाराय म्हणाले. "तुम्ही घरी आराम करा, नेलिदा. कुणी तुम्हाला काढून टाकत नाहीये."

नेलिदा ओलिवेरानं मांडीवरच्या पांढऱ्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी त्यांच्याकडे फिरवली.

'मग काय करताय?'

एचेगारायांनी चष्मा पुसायला घेतला. 

नेलिदा आमच्या हॉस्पिटलची टेलिफोन ऑपरेटर. नदीकाठच्या आमच्या गावात निम्म्या लोकांनी तिला कधी पाहिलंही नसेल. पण रात्री-अपरात्री घाबरून फोन केलेल्या प्रत्येकानं तिचा आवाज ऐकला होता. मी एक्स-रे विभागात काम करते. ती फोनवर नुसतं "हं, सांग" म्हणाली तरी माझं अर्धं टेन्शन उतरायचं. मग तिच्या घशात गाठ निघाली. राजधानीत, मोंतेविदेओला ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्यापाशी श्वासासाठी भोक ठेवलं होतं, त्यावर ती फुलाफुलांचा रुमाल बांधायची.

तिनं पाटी पुसून पुन्हा लिहिलं. 'प्रत्येक वॉर्डात कॉम्प्युटर आहे. मी लिहीन, ते वाचतील.'

"आणि बाहेरचे फोन?"

'पहारेकरी वॉशिंग्टन घेईल. नाहीतरी गेटवर मातेचा चहा पीतच बसतो.'

एचेगारायांना हसू आलं. "एक महिना देतो," ते म्हणाले. "वॉर्डांची तक्रार आली तर मात्र बंद."

हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर सांभाळायला एकच माणूस होता, यामांदू. तो तळघरात धुलाईखोलीशेजारी बसायचा. नेलिदानं त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि त्याच्याच कीबोर्डवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नेलिदाबाई, चॅटचे प्रोग्रॅम ढीगभर आहेत. आपल्या खटाऱ्यांवर कुठला चालेल ते बघायला हवं."

पहिला प्रोग्रॅम देखणा होता. त्यानं प्रसूती वॉर्डातला जुना कॉम्प्युटर असा काही गोठवला, की शेवटी प्लगच काढावा लागला. दुसरा झटपट चालायचा, पण त्यातला प्रत्येक निरोप आधी परदेशातल्या कंपनीकडे जायचा आणि मग खालच्या मजल्यावर यायचा.

'म्हणजे तीन नंबरच्या बाईचा गर्भ पडला, हे तिकडे कुणाला तरी कळणार?' नेलिदानं टाइप केलं.

"कळेलच असं नाही. पण कळणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही."

'मग नको.'

तिसरा दिसायला पोस्टाच्या खिडकीइतका रुक्ष होता. पण तो ओपन सोर्स होता. कुणीही फुकट घ्यावा, आतली रचना उघडून बघावी, हवी तशी बदलावी. निरोप साठवणारा सर्व्हर आपल्याच तळघरात ठेवता येणार होता. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी वॉर्डावॉर्डांतलं बोलणं चालू राहणार होतं. यामांदू खूश झाला. नेलिदा मात्र लगेच मान डोलवणाऱ्यातली नव्हती. तिनं एक निरोप लिहिला आणि पाठवता पाठवता भिंतीतली वायर उपटली.

"अहो, काय करताय?"

तिनं बोट उचलून त्याला थांबवलं. थोड्या वेळानं वायर परत खोचली. समोरच्या पडद्यावर निरोप उमटला, एक अक्षरही गळलं नव्हतं. तेव्हा कुठे तिनं मान हलवली.

पुढचे काही दिवस ती दोघं मजल्यामजल्यानं फिरली. तो इन्स्टॉल करायचा आणि ती नर्सेसना शेजारी बसवून एकेक निरोप पाठवायला लावायची. जिना चढताना तिला धाप लागायची. ती कठड्याला टेकून उभी राहायची आणि यामांदू बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं थांबायचा.

सोमवारी काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बिनसलं.

एक ओली बाळंतीण माझ्याकडे एक्स-रेला आली होती. काम आटोपल्यावर मी नेलिदाला कळवलं, तिनं प्रसूती वॉर्डाला निरोप टाकला. कुणी आलंच नाही. ती पोर कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर पडून राहिली. दूध झरून तिचा झगा भिजला होता, आणि वर बाळ भुकेनं रडत असणार म्हणून ती रडत होती. शेवटी मीच वॉर्डाला फोन केला.

तेरेसिता बेंतांकोर, त्या वॉर्डाची हेड नर्स, तिला वर पोचवून तडक टेलिफोनच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले.

"नेली, तू फोनवर 'तेरे, धाव' म्हणायचीस आणि मी धावायचे," ती म्हणाली. "आता तू कुठल्याशा डब्यात लिहून ठेवतेस. मी बाळं धरू की डब्यात डोकावत बसू? मला तुझ्याविरुद्ध तक्रार करायला लावू नकोस गं."

नेलिदानं पाटीवर लिहिलं, 'चूक माझी. उद्या तुझ्याकडे येऊन बसते.'

आणि खरंच बसली. सकाळपासून पाळी संपेपर्यंत ती प्रसूती वॉर्डात कोपऱ्यातल्या स्टुलावर होती. कुणाला काही विचारलं नाही, नुसती बघत होती. संध्याकाळी तळघरात जाऊन तिनं यामांदूला लिहिलं, 'त्यांचे हात आणि डोळे बाळांवर असतात. मोकळे असतात ते फक्त कान.'

"पण यात मोठ्या घंटीची सोय नाही."

'आतली रचना उघडी आहे म्हणालास ना? मग उघड.'

यामांदूनं हा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या गटात प्रश्न टाकला. आसुन्सियोन शहरातल्या कुणा अनोळखी माणसानं नेमकी कुठे दुरुस्ती करायची ते समजावून सांगितलं, वर 'तुमच्या बाळांना शुभेच्छा' असंही लिहिलं. आता तातडीचा निरोप आला की सगळा पडदा पिवळा होणार होता आणि कुणी येऊन कळ दाबेपर्यंत घंटी वाजत राहणार होती.

"घंटीसाठी माझ्याकडे एक आवाज आहे," यामांदू जरा चाचरत म्हणाला आणि त्यानं एक फाइल लावली.

"नमस्कार, हॉस्पिटल. बोला, मी ऐकते आहे."

जुन्या टेलिफोन यंत्रातलं ते रेकॉर्डिंग होतं. ऑपरेशननंतर नेलिदानं स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. तिनं बोटानं खूण केली. यामांदूनं पुन्हा लावलं. मग तिनं कीबोर्ड जवळ घेतला.

'ही बाई आता कामावर नाही. साधी घंटी लाव. बाळं दचकणार नाहीत अशी.'

महिना संपायच्या आत एका दुपारी सगळ्या वॉर्डांबरोबर माझ्याही कॉम्प्युटरची घंटी वाजली. तेरेसितानं आपणहून लिहिलेला पहिला निरोप होता: 'नेली, रक्त. ओ निगेटिव्ह. धाव.' त्याच्याखाली नेलिदाचे निरोप भराभर येत गेले; रक्तपेढीला, ऑपरेशन थिएटरला, कँटीनच्या कॉम्प्युटरवर जेवायला बसलेल्या भूलतज्ज्ञाला. जिन्यात पळणाऱ्या पावलांचा आवाज मला ऐकू आला. ती बाई वाचली. तेरेसिता रात्रपाळीला चार्ज देऊन खाली आली, तिनं आपल्या थर्मासमधलं पाणी ओतून नेलिदाला माते दिला. एचेगारायांनी पेन्शनचा विषय पुन्हा काढला नाही.

मागच्या आठवड्यात मी दुपारी तिच्या खोलीत गेले होते. फोन वाजला. वॉशिंग्टननं उचलला.

"हां, काय? कोण? जरा मोठ्यानं."

पुरुषांच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची बायको होती. नवऱ्यानं काल रात्रीपासून काही खाल्लं का, विचारत होती. नेलिदानं वॉर्डाला लिहिलं. उत्तर आलं. तिनं त्याखाली आपली दोन वाक्यं जोडली आणि पडदा वॉशिंग्टनकडे वळवला.

तो आपल्या घोगऱ्या आवाजात, अडखळत वाचू लागला. "सूप घेतलं त्यांनी, सेन्योरा. अर्धा पावही खाल्ला. तुम्ही... तुम्ही घाबरू नका. थोडं झोपून घ्या, ते उठले की मी कळवते."

"कळवतो," त्यानं घाईघाईनं दुरुस्त केलं.

नेलिदा त्याच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि शब्दाशब्दाबरोबर तिचे ओठ हलत होते.