यादीतली एकमेव बाई

“मावशी, दोन हात जोडायचे, भोंग्यात ‘चूक झाली, परत करणार न्हाई’ म्हणायचं, की सुटलात. पाच मिनिटाचं काम,” हवालदार बजरंग म्हणाला आणि दुसऱ्या भाकरीकडं त्यानं हात नेला.

केवळाबाईनं भाकरी त्याच्या ताटात टाकली. मुखेडच्या पलीकडल्या त्या बाजाराच्या गावात, एसटी स्टँडामागं तिची खानावळ होती. ठाण्यातले निम्मे पोलीस तिथंच जेवायचे. दुपारी तिच्या हातचं पिठलं ओरपायचं आणि संध्याकाळी तिलाच हजेरीला उभं करायचं, याचं त्यांना काही वाटत नसे. सवयीनं सगळंच अंगवळणी पडतं.

गुन्हा बारा वर्षांपूर्वीचा. कोर्टानं तिला सोडलं, पण ठाण्याच्या यादीनं सोडलं नाही. गणपती आले, निवडणूक आली, की यादीतल्या चौदा जणांनी सकाळ-संध्याकाळ सही करायची आणि विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. अकरावं नाव केवळाबाईचं, चौदांत बाई एकटीच. नावापुढं फक्त कलमं होती: दंगल, हत्यार, दुखापत. साहेब बदलायचे, कलमांवरून बोट फिरवायचे आणि पान उलटायचे. मूळ फाईल उघडायला कोणालाच फुरसत नव्हती.

गणपती तोंडावर आले होते आणि यंदाचे साहेब हौशी होते. बाजाराच्या दिवशी चौदाही जणांना गावातून चालवत न्यायचं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

“माफी मागंल त्याचं नाव यादीतून काढनार हायेत साहेब,” बजरंग म्हणाला. “मंग खुशाल लातूरला जावा आरतीकडं.”

केवळाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. आरती तिची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हायचं, पण रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला लातूरहून हलू दिलं नव्हतं. रोज फोनवर एकच विचारायची, “आई, कधी येतीस?” केवळाबाईचा जीव नुसता तुटत होता. पाच मिनिटांचं काम होतं खरं.

बाजारात मांडव घातला होता. एकेक जण हात जोडून भोंग्यासमोर गेला, वाक्य म्हणाला, खाली मान घालून उतरला. लोक मोबाईल उंच धरून होते. समोर खुर्च्यांवर शांतता समिती बसली होती आणि पहिल्याच खुर्चीत कडक इस्त्रीच्या कपड्यांत आप्पासाहेब. तिच्या खटल्यातले फिर्यादी हेच. टेबलावर चौदा फायलींची चळत रचली होती, व्हिडिओत भारदस्त दिसावी म्हणून.

अकरावं नाव पुकारलं गेलं. केवळाबाई वर चढली. तिनं हात जोडले नाहीत.

“साहेब, आधी माझा गुन्हा वाचा. म्या काय केलं ते मानसांना कळू द्या. मंग बोलते.”

साहेबांना ते आवडलं. “वाच रे,” ते बजरंगला म्हणाले.

बजरंगनं फाईल उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. पण भोंगा चालू होता. तो वाचू लागला. “यातील आरोपी केवळाबाई हिने इतर अकरा अनोळखी महिलांसह फिर्यादी आप्पासाहेब यांच्या शेतातील शेडमध्ये शिरून, जनावरांसाठी ठेवलेल्या गूळपाण्याचे सात बॅरल मुसळाने फोडले व अडवण्यास आलेल्या फिर्यादीस खांद्यावर मुसळ मारून—”

तेवढ्यात मिरच्यांच्या ढिगामागून कोणीतरी ओरडलं, “कोनती जनावरं म्हनायची ती? दोन पायाची का?”

जो हशा उठला, तो आवरेना. त्या शेडात कसलं गूळपाणी उकळायचं आणि ते पिऊन किती घरं बसली, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आप्पासाहेब खुर्चीतून उठू पाहत होते, पण मागं माणसांची भिंत होती. साहेबांनी फाईल ओढून घेतली, वाचली आणि ताडकन मिटली.

“बरं, बरं. ‘चूक झाली’ एवढंच म्हणा बाई. आत्ता नाव काढतो.” आवाज मऊ झाला होता.

केवळाबाईला आरती दिसली, फुगलेले पाय घेऊन दवाखान्याच्या खाटेवर. तिनं भोंगा तोंडाशी धरला.

“चूक झाली,” ती म्हणाली. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “शेडाच्या मागं आठवा बॅरल व्हता. त्यो राहिला.”

नाव निघालं नाही. उलट सकाळ-संध्याकाळच्या हजेरीला दुपारची आणखी एक जोडली गेली. तेरा जण सुटले, केवळाबाई राहिली. चार दिवस ती चुलीपुढून उठून ठाण्यात जायची, सही करायची, परत यायची. पश्चात्ताप तिला एकदाही झाला नाही. राग मात्र रोज आला.

पाचव्या दिवशी दुपारी ती सहीसाठी टेबलापाशी उभी असताना जावयाचा फोन आला. “मामी, पोरगी झाली. आरती बरी हाय. बोला तिच्याशी.”

आरतीचा आवाज दमलेला होता. “आई, तुझा व्हिडिओ बघितला. इथल्या समद्या नर्सांना दावला.” ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. “आता ये की गं.”

केवळाबाईनं पदरानं डोळे कोरडे केले. “साहेब हायेत का?”

“आत हायेत. पन सुट्टी न्हाई देनार मावशी,” बजरंग हळूच म्हणाला. “विचारून बघू का?”

“विचारू नका.”

तिनं रजिस्टर स्वतःकडं वळवलं. शेऱ्याच्या रकान्यात बारा वर्षं पोलिसांच्या हातानं एकच शब्द लिहिला जात होता: हजर. चौथी शिकलेल्या अक्षरांत, जोर देऊन, तिनं त्या रकान्यात लिहिलं: लातूरला गेले. नातीला बघायला.

“साहेबांनी विचारलं तर?” बजरंगनं विचारलं.

“सांगा, धरायला लातूरला या म्हनावं. मी दवाखान्यातच हाय.”

ती पायऱ्या उतरली. स्टँडात लातूरची गाडी लागलेली होती. मागं न बघता ती चढली, पहिल्या बाकावर बसली आणि कंडक्टरला म्हणाली, “एक लातूर.”